अ‍ॅकेरॉन्शिया: तीन जातींची फेरतपासणी (प्रकल्प नोंदी)

4 जून

कामाची व्याप्ती: संग्रहातील अ‍ॅकेरॉन्शिया या पतंगांच्या प्रजातीचे सर्व नमुने जातीपर्यंत नव्याने ओळखणे, जुन्या चिठ्ठ्यांवरील नावे आजच्या मान्य नावांशी जुळवणे आणि शेवटी लक्षणांचा तक्ता करून जवळच्या प्रजातींशी तुलना करणे. प्रजाती लहान आहे, जाती फक्त तीन: अ‍ॅट्रोपोस, लॅकेसिस आणि स्टिक्स. पाठीवर कवटीसारखी खूण असणारे हे हॉक मॉथ पतंग सगळ्यांच्या ओळखीचे असतात. त्यामुळे पाहताक्षणी नाव ठोकून दिले जाते, आणि चुका तिथेच होतात.

शब्दवापर आत्ताच पक्का केला. या नोंदींत 'प्रजाती' म्हणजे अ‍ॅकेरॉन्शियाची पायरी आणि 'जाती' म्हणजे अ‍ॅट्रोपोसची पायरी. मराठीत बोलताना हे दोन शब्द सर्रास अदलाबदल होतात. डेटाबेसच्या रकान्यात ती अदलाबदल झाली, तर पुढे निस्तरणे कठीण.

वरची उतरंड: कुल स्फिंजिडी, उपकुल स्फिंजिनी, त्याखाली अ‍ॅकेरॉन्शिआयनी हा गट. या गटात पाच प्रजाती येतात: अ‍ॅग्रिअस, कॅलोस्फिंजिया, सिलोनिया, मेगाकॉर्मा आणि अ‍ॅकेरॉन्शिया.

6 जून

पहिली चाळणी. नियम एकच: कवटी पाहून जात ठरवायची नाही. कवटीवरून प्रजाती कळते, जात नाही. तिचा आकार आणि गडदपणा एकाच जातीतही बदलतो. छातीवरचे खवले घासले गेले की खूण पुसट होते, तेल सुटले की काळवंडते. स्टिक्समध्ये ती साधारण जास्त गडद असते हे खरे, पण जुन्या नमुन्यात हा फरक धरून चालता येत नाही.

पंखांचा विस्तारही लक्षण म्हणून बाद. अ‍ॅट्रोपोस 90 ते 130 मिमीच्या पट्ट्यात येतो. लॅकेसिस सर्वसाधारणपणे मोठा आणि स्टिक्स लहान असला, तरी तिन्हींच्या मापांची एकमेकांत सरमिसळ होते. अळीला अन्न कमी पडले तर लॅकेसिसही लहान निघतो.

प्रत्यक्ष वापरात ठेवलेला क्रम असा. आधी मागच्या पंखाचा वरचा भाग. बुडाशी मोठा काळा डाग असेल आणि पिवळा रंग आक्रसून थोडाच उरला असेल, तर लॅकेसिस. त्याच्या उदराच्या पाठीवरचा निळसर राखाडी पट्टाही इतका रुंद असतो की पिवळे ठिपके दोन्ही कडांना सरकलेले दिसतात. पंख बुडापर्यंत पिवळा आणि त्यावर दोन आडवे काळे पट्टे असतील, तर प्रश्न अ‍ॅट्रोपोस की स्टिक्स एवढाच उरतो.

तो सोडवायला नमुना उलटा करावा लागतो. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला मधला आडवा पट्टा एक असेल तर अ‍ॅट्रोपोस, दोन असतील तर स्टिक्स. उदराच्या खालच्या बाजूला अ‍ॅट्रोपोसमध्ये काळे आडवे पट्टे असतात. स्टिक्समध्ये ते सहसा नसतात, उदर खालून सलग पिवळे दिसते. 'सहसा' हा शब्द चावीत, म्हणजे ओळखण्याच्या या क्रमात, मुद्दाम ठेवला आहे. म्हणून एका लक्षणावर न थांबता दोन्ही पाहायची, आणि ती एकमेकांशी जुळली नाहीत तर नमुना वेगळ्या पेटीत.

7 जून

कालच्या चावीला जोड. पुढच्या पंखाच्या मध्यभागी असणारा छोटा ठिपका स्टिक्समध्ये नारिंगी, अ‍ॅट्रोपोसमध्ये बहुधा पिवळसर. स्टिक्सच्या मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्याशी काळ्या पट्ट्यात वेढलेला फिकट निळा ठिपका असतो. दहापट भिंगाखाली, पसरट पांढऱ्या प्रकाशात पाहिले तर तो दिसतो. पिवळ्या दिव्याखाली निळे खवले राखाडी वाटतात आणि ठिपका नाहीच अशी नोंद होते. टेबलावरचे दिवे बदलून 5500 केल्व्हिनच्या आसपासचे लावले, कालचे 'ठिपका नाही' असे सर्व शेरे रद्द केले आणि ते नमुने पुन्हा रांगेत घेतले.

10 जून

छायाचित्रण. प्रत्येक नमुन्याची किमान दोन चित्रे, वरून आणि खालून. खालून घेणे वगळायचे नाही. पसरून टाचलेल्या पतंगाची खालची बाजू संग्रहात वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही, आणि या प्रजातीत निर्णायक लक्षणे तिथेच आहेत.

पद्धत: आधी चिठ्ठ्या सुईवरून काढून नमुन्याच्या क्रमांकासह त्याच क्रमाने बाजूला ठेवायच्या. मग घट्ट फोमच्या ठोकळ्यात सुईच्या माथ्यापेक्षा थोडे मोठे भोक पाडून सुई उलटी बसवायची. सुई माथ्याकडून दाबायची नाही. वाळलेली छाती सुईभोवती सैल असली की नमुना गर्रकन फिरतो आणि पंखाचे टोक मोडते. तसा सैल नमुना दिसला, तर सुई आणि छाती यांच्या सांध्यावर पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाचा एक थेंब देऊन रात्रभर ठेवायचा.

मोजपट्टी पंखांच्या पातळीत हवी. टेबलावर ठेवलेली पट्टी कॅमेऱ्यापासून लांब पडते आणि पतंग आहे त्यापेक्षा मोठा मोजला जातो. 18 टक्के राखाडी कार्ड प्रत्येक चित्रात ठेवायचे, कारण नारिंगी की पिवळा हा निर्णय रंगावरच अवलंबून आहे. उदराच्या खालच्या पट्ट्यांवर पायांच्या सावल्या पडतात आणि पट्टा नसताना पट्टा दिसतो. त्यासाठी दिवे दोन्ही बाजूंनी आणि कमी उंचीवर.

13 जून

तेल सुटलेले नमुने. हॉक मॉथच्या उदरात चरबी भरपूर. ती हळूहळू बाहेर झिरपते आणि आधी उदर, मग छाती, मग पंखांचे बूड तपकिरी होते. पिवळे आणि राखाडी हे दोन्ही रंग त्यात बुडतात. अशा नमुन्यावर 'उदरावर पट्टा नाही' किंवा 'बुडाशी काळा डाग' यातले काहीच लिहायचे नाही. लॅकेसिस म्हणून आलेल्या नमुन्यांत नुसते तेलाने काळवंडलेले स्टिक्स असू शकतात. ते आधी धुवायचे.

धुण्याची रीत: चिठ्ठ्या काढायच्या, नाहीतर शाई उतरते. नमुना सुईसकट झाकणाच्या काचेच्या भांड्यात अ‍ॅसिटोनमध्ये पूर्ण बुडवून 24 तास ठेवायचा. द्रव पिवळा झाला की बदलून आणखी 24 तास. बाहेर काढल्यावर खवले चिकटून बसलेले दिसतात. घाबरून पुसायचे नाही. मंद वाऱ्यात मऊ कुंचल्याने छातीवरचे केस आणि खवले मुळाकडून टोकाकडे उचलत राहायचे, वाळता वाळता ते मोकळे होतात. अ‍ॅसिटोन पेट घेतो. काम खेळत्या हवेत, ठिणगी पडेल असे काही जवळ नको. प्लॅस्टिकच्या माथ्याच्या सुया त्यात विरघळतात, त्या आधीच बदलायच्या.

धुतल्यावर ओळख पुन्हा पहिल्या पायरीपासून करायची आणि मूळ शेऱ्याशेजारी 'धुतल्यानंतर' असा दुसरा शेरा लिहायचा. पहिला खोडायचा नाही.

17 जून

नावांचा दिवस. सर्वांत जास्त वेळ इथे गेला, आणि तो जायलाच हवा होता.

अ‍ॅट्रोपोस हे नाव लिनेअसने 1758 मध्ये दिले, पण प्रजाती होती स्फिंक्स. लॅकेसिस फॅब्रिसिअसचे, 1798, तेही स्फिंक्समध्येच. आज दोन्ही जाती अ‍ॅकेरॉन्शियात असल्यामुळे लेखकाचे नाव आणि वर्ष गोल कंसात येते: अ‍ॅकेरॉन्शिया अ‍ॅट्रोपोस (लिनेअस, 1758), अ‍ॅकेरॉन्शिया लॅकेसिस (फॅब्रिसिअस, 1798). कंस ही सजावट नव्हे. जाती मूळ प्रजातीतून हलली आहे एवढी माहिती तो देतो. जुन्या तक्त्यात कुठे कंस होता, कुठे नव्हता. आता तपासून एकसारखे केले. स्टिक्स वेस्टवुडने 1847 मध्ये वर्णिला.

प्रजातीच्या नावापुढे मात्र चौकोनी कंस लागतो: अ‍ॅकेरॉन्शिया [लास्पेरेस], 1809. हे नाव एका निनावी लेखात छापले गेले आणि लेखक बाहेरच्या पुराव्यावरून ठरवला गेला. तीच गोष्ट चौकोनी कंस सांगतो. संगणकीय यादीत एका सफाई-सूत्राने सगळे चौकोनी कंस गोल केले होते. पाहायला क्षुल्लक, पण त्यामुळे खोटी माहिती तयार झाली, कारण गोल कंसाचा अर्थच वेगळा. सूत्र काढून टाकले आणि हा रकाना हाताने भरायचा असे ठरवले.

प्रारूप जाती अ‍ॅट्रोपोस. म्हणजे पुढे कोणी ही प्रजाती फोडायची म्हटली, तरी अ‍ॅकेरॉन्शिया हे नाव अ‍ॅट्रोपोसबरोबरच राहील.

अ‍ॅट्रोपोस आणि लॅकेसिस या ग्रीक पुराणातल्या तीन दैवदेवतांपैकी दोघी. अ‍ॅकेरॉन आणि स्टिक्स या पाताळातल्या नद्या. तिसरी देवता क्लोथो हिचे नाव या प्रजातीत नाही, ते थेरेट्रा क्लोथो या दुसऱ्याच हॉक मॉथकडे गेले आहे. नावांच्या मालिकेवरून 'चौथी जाती असणार' असे समजून शोध घेण्यात अर्थ नाही. जातींची ही नावे मुळात नामे असल्याने प्रजातीच्या लिंगाप्रमाणे त्यांचा शेवट बदलत नाही.

18 जून

समनामे, म्हणजे एकाच जातीला दिली गेलेली जादा नावे. लॅकेसिसखाली मोर्टा (ह्यूब्नर, 1819), सॅटॅनास (ब्वादूव्हाल, 1836) आणि लेथे (वेस्टवुड, 1847) ही नावे जातात. अग्रक्रमाच्या नियमाने 1798 चे नाव टिकते. गंमत वाटण्यासारखी गोष्ट म्हणजे लेथे आणि स्टिक्स ही दोन्ही वेस्टवुडचीच, एकाच वर्षाची. त्यातले एक टिकले, दुसरे समनाम झाले.

मेडुसा (मूर, 1858) स्टिक्सखाली. काही लेखक ती पूर्वेकडची उपजाती मानतात, काही नुसते समनाम. आपल्या यादीत मूळ चिठ्ठीवर मेडुसा असेल तर ते शब्दशः एका रकान्यात, आणि मान्य नाव स्टिक्स दुसऱ्या रकान्यात. मूळ शब्द पुसला, तर पुढे कोणाला उपजातींचा प्रश्न उकलायचा असेल तेव्हा त्यांच्या हाती काही उरणार नाही.

सर्वांत फसवे नाव मँडुका. काही जुन्या ग्रंथांत 'मँडुका अ‍ॅट्रोपोस' असे छापलेले सापडते. आज मँडुका ही अमेरिकेतल्या वेगळ्याच हॉक मॉथची प्रजाती आहे, तंबाखूवरची प्रसिद्ध अळी तिच्यातली. जुनी टिपणे संगणकाने आपोआप जुळवली की अ‍ॅट्रोपोसच्या नोंदी अमेरिकेतल्या प्रजातीखाली जाऊन बसतात. 'मँडुका' असलेली प्रत्येक जुनी नोंद डोळ्यांनी वाचायची, ठिकाण पाहायचे, मगच हलवायची.

21 जून

ठिकाणांची पडताळणी. अ‍ॅट्रोपोस आफ्रिका, मध्यपूर्व आणि भूमध्य समुद्राभोवतालचा, तिथून स्थलांतर करत युरोपात उत्तरेकडे जाणारा. स्टिक्स मध्यपूर्वेपासून भारतामार्गे जपानपर्यंत. लॅकेसिस भारत, श्रीलंका आणि आग्नेय आशिया. म्हणजे भारतातल्या नमुन्यात खरा प्रश्न स्टिक्स की लॅकेसिस, आणि तो मागच्या पंखाच्या बुडावरून वरूनच सुटतो. अरबस्तान व आजूबाजूच्या प्रदेशात प्रश्न अ‍ॅट्रोपोस की स्टिक्स, तिथे नमुना उलटा केल्याशिवाय गत्यंतर नाही.

ठिकाणावरून जात लिहायची नाही. ठिकाण फक्त संशय घेण्यासाठी. भारताची चिठ्ठी आणि अ‍ॅट्रोपोसची लक्षणे असा नमुना आला, तर आधी चिठ्ठी बदलली गेली का ते पाहायचे: सुईची दोन भोके पडलेली चिठ्ठी, कागद आणि शाई शेजारच्या नमुन्यांशी न जुळणे. लक्षणे चिठ्ठीप्रमाणे वाकवायची नाहीत.

25 जून

जननांग विच्छेदन. इथे क्रम चुकला तर नुकसान भरून येत नाही. उदर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गेले की खवले जातात, आणि त्यांच्याबरोबर खालचे पट्टे आणि पाठीवरचा राखाडी पट्टाही जातो. म्हणून खालून-वरून छायाचित्र झाल्याची खूण रजिस्टरात दिसल्याशिवाय कात्री लावायची नाही.

नर की मादी हे आधी पंख जोडणाऱ्या कुर्चावरून ठरवायचे: नरात एकच जाड ताठ केस, मादीत अनेक बारीक. भिंगाखाली पंखाच्या बुडाशी खालून पाहिले की दिसते. नरात पाचव्या आणि सहाव्या खंडामधून कापून मागचा भाग तेवढा घेता येतो, पुढच्या खंडांवरचे पट्टे नमुन्यावर राहतात. मादीत तसे चालत नाही. शुक्रकोष पुढपर्यंत गेलेला असतो, मधून कापला की फाटतो. मादीचे पूर्ण उदर काढावे लागते, म्हणून माद्या शक्य तितक्या कमी उघडायच्या.

द्रावण 10 टक्के: 10 ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड थोडे थोडे करून पाण्यात सोडायचे आणि शेवटी 100 मिली करायचे. पाणी गरम होते, हातमोजे आणि चष्मा हवाच. कापलेला भाग आधी 70 टक्के अल्कोहोलमध्ये मिनिटभर भिजवायचा. कोरडाच टाकला तर हवेचा बुडबुडा धरून तरंगत राहतो आणि एकाच बाजूने शिजतो. गरम पाण्यात ठेवलेल्या परीक्षानळीत 20 ते 30 मिनिटे, दर 5 मिनिटांनी तपासून. लहान पतंगांच्या मानाने हे उदर जाड, पण घाई करून द्रावण तीव्र केले की कवचाचा रंग उडतो आणि सगळे काचेसारखे पारदर्शक होते. मग कडा दिसतच नाहीत. तसे झालेच तर क्लोराझोल ब्लॅकचा हलका रंग द्यायचा.

चरबीमुळे द्रावणावर साबणासारखा फेस येतो. द्रावण बदलून पुढे चालू ठेवायचे. नंतर साध्या पाण्यात व्हिनेगरचे दोन-तीन थेंब टाकून धुवायचे, मग 70 टक्के अल्कोहोल, आणि त्यातच बारीक कुंचल्याने आतला गाळ काढायचा.

काचपट्टीवर दाबून बसवणे या प्रजातीत टाळले. अवयव मोठे आणि खोलगट आहेत, दाबले की वाल्व्हा (नराच्या जननांगाच्या दोन बाजूंच्या पकडी) वळतात आणि उंकसचा (त्यांच्या वरच्या आकड्याचा) बाजूने दिसणारा आकार हरवतो. ग्लिसरीनच्या छोट्या नळीत ठेवून नळी त्याच नमुन्याच्या सुईला, चिठ्ठीच्या खाली. चित्रे तीन बाजूंनी: वरून, खालून, डावीकडून.

2 जुलै

पायापासून डीएनए. प्रत्येक नमुन्याचा उजवा मागचा पाय, नेहमी तोच, म्हणजे नंतर पाहणाऱ्याला तो गळला की घेतला हे कळते. कोरड्या नमुन्याचा 2 ते 3 मिमी तुकडा पुरतो. दोन नमुन्यांमध्ये चिमटा ज्योतीवर तापवायचा. प्रत्येक तुकडीत एक कोरी नळी, जिच्यात पाय नाही. तपासणीत तिच्यातूनही डीएनएची पट्टी उमटली तर सगळी तुकडी बाद.

जाती ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा 658 बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा, त्याच्या प्रती काढणे सुरू करणारे प्रायमर लेप-एफ1 आणि लेप-आर1. प्रती वाढवण्याची तापमान-चक्रे: 94 अंशांवर 1 मिनिट, मग 45 अंशांच्या जोडणीची 5 चक्रे, मग 51 अंशांची 35, शेवटी 72 अंशांवर 5 मिनिटे. जुन्या नमुन्यांत डीएनए तुटलेला असतो आणि पूर्ण लांबी येत नाही. तिथे एकमेकांवर चढणारे छोटे तुकडे वाढवून जोडायचे.

5 जुलै

डीएनएच्या अनुक्रमांचे प्रथिनात भाषांतर करून केलेल्या तपासणीत पहिल्याच फेरीत जवळपास सगळीकडे 'थांबा' संकेत दिसले. खोटे जनुक असावे असे वाटून अनुक्रम फेकण्याआधी सेटिंग पाहिले: भाषांतर सर्वसाधारण सांकेतिक तक्त्याने होत होते. त्या तक्त्यात टीजीए म्हणजे थांबा, पण कीटकांच्या मायटोकॉन्ड्रियात टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. तक्ता क्रमांक 5 निवडायचा आणि वाचन दुसऱ्या बेसपासून सुरू करायचे, कारण 658 चा हा ठरलेला तुकडा एका कोडॉनच्या (तीन बेसच्या संकेताच्या) शेवटच्या बेसवर सुरू होतो. एवढे केल्यावरही जिथे थांबा येईल किंवा एक-दोन बेस घुसलेले दिसतील, ते अनुक्रम खरोखर संशयास्पद.

अनुक्रम आणि लक्षणे यांत विरोध आला, तर निकाल आपोआप अनुक्रमाच्या बाजूने लावायचा नाही. आधी छायाचित्र, मग पायाच्या नळीचा क्रमांक, मग पुन्हा पाय. क्रमांकांची अदलाबदल हे कारण जीवशास्त्रीय कारणापेक्षा आधी तपासायचे.

11 जुलै

लक्षणांचा तक्ता. तीन जातींच्या नात्यांचा मूळ नसलेला वृक्ष, म्हणजे आधी कोण वेगळे झाले ते न दाखवणारा, एकाच प्रकारे काढता येतो. मूळ लावल्यावर शक्यता तीन. म्हणजे या प्रजातीतला अंतर्गत नातेसंबंध पूर्णपणे बाहेरच्या तुलनेवर अवलंबून आहे. बाहेरचे गट म्हणून अ‍ॅग्रिअस आणि सिलोनिया घेतले, आणि विश्लेषण तीनदा चालवायचे: दोन्ही घेऊन, मग एकेक वगळून. मूळ जागा बदलत असेल, तर कोणत्या लक्षणांमुळे बदलते ती नावानिशी लिहायची.

पिवळा रंग हे लक्षण भरताना काळजी. सिलोनिया फुल्व्हिनोटाटाच्या मागच्या पंखाच्या बुडाशी आणि उदराच्या कडांनाही पिवळे आहे. त्यामुळे 'पिवळा आहे / नाही' असा एकच रकाना ठेवला तर तो अ‍ॅकेरॉन्शियाचे वेगळेपण दाखवत नाही. तो फोडून तीन केले: पंखाच्या बुडाचा रंग, आडव्या पट्ट्यांची संख्या, उदराच्या कडेचा रंग.

आखूड सोंडेचेही तसेच. या पतंगांची सोंड आखूड, जाड आणि टोकदार असते. पोळ्याच्या मेणाच्या झाकणातून भोसकून मध शोषायला ती उपयोगी. हवा आत-बाहेर करून हे पतंग जो चिरका आवाज काढतात, त्यातही तिचा भाग आहे. अ‍ॅग्रिअस कॉन्व्होल्व्हुलीची सोंड मात्र 10 सेंमीच्या घरात. पण नुसती 'आखूड' अशी नोंद केली, तर स्मेरिंथिनी उपकुलातल्या, सोंड क्षीण झालेल्या पतंगांशी खोटे साम्य तयार होते. म्हणून लांबी आणि जाडी वेगवेगळे रकाने.

प्रश्नचिन्ह आणि आडवी रेघ यांत फरक पाळायचा. नमुना मोडल्याने दिसत नाही तिथे प्रश्नचिन्ह. लक्षण लागूच पडत नाही तिथे रेघ: अ‍ॅग्रिअसला कवटीच नाही, तर कवटीच्या रंगाखाली रेघ. काही प्रणाली दोन्ही एकच समजतात, तरीही आपल्या मूळ तक्त्यात ते वेगळेच राहू द्यायचे.

19 जुलै

कोष आणि अळ्या. कोषावरून प्रजाती क्षणात कळते. अ‍ॅग्रिअसच्या कोषाला सोंडेचे वेगळे सुटलेले आवरण असते, सुरईच्या कानासारखे वळलेले. अ‍ॅकेरॉन्शियाचा कोष तपकिरी, चकचकीत, गुळगुळीत, आणि त्याला असा कान नाही. संग्रहात नुसत्या कोषांची एक डबी 'अ‍ॅकेरॉन्शिया' म्हणून होती. त्यातले कान असलेले वेगळे काढले.

अळ्यांच्या रंगावरून जात लिहायची नाही. हिरवी, पिवळी, तपकिरी अशी रूपे एकाच जातीत येतात. वाढवलेल्या अळ्यांसाठी: कोषात जाणारी अळी जमिनीत खोल उतरते, म्हणून किमान 15 सेंमी ओलसर, भुसभुशीत माती. उथळ डब्यात ती फिरत राहते, आकसते आणि कोष वेडावाकडा होतो. पतंग बाहेर आल्यावर रिकामे कोषाचे कवच आणि अळीची शेवटची कात त्याच क्रमांकाने पतंगाच्या सुईला कुपीत लावायची. तिन्ही अवस्था एकाच प्राण्याच्या असतील, तरच तक्त्यात त्या एका ओळीत भरता येतात.

26 जुलै

उरलेली वेगळी पेटी. पंखाखालचे पट्टे दोन, पण उदराखाली पुसट काळ्या खुणा असलेले नमुने. आतल्या कोपऱ्यातला निळा ठिपका आणि पंखमध्यावरचा नारिंगी ठिपका दोन्ही स्पष्ट असतील, तर स्टिक्स म्हणून नोंद, आणि 'उदराखाली खुणा आहेत' असा शेरा. ठिपके घासले गेले असतील, तर 'अ‍ॅकेरॉन्शिया, जात अनिश्चित' एवढेच. नराचे विच्छेदन झालेले असल्यास त्याचे चित्र जोडायचे.

नव्या ओळख-चिठ्ठीवर जातीचे नाव, ओळखीचे वर्ष आणि कोणत्या लक्षणावरून ओळखले हे लघुरूपात: 'पुपंखा 2, उदखा 0' म्हणजे पुढच्या पंखाखाली दोन पट्टे, उदराखाली शून्य. जुनी चिठ्ठी तिच्या वर तशीच. सुईवर जागा उरली नाही, तर ग्लिसरीनची नळी शेजारच्या वेगळ्या सुईवर, त्याच क्रमांकाने.